अकरा लंगड्या शेळ्या

छाया आत्यानं शाळकरी मुलींनी भरलेले अडतीस फॉर्म जेवणाच्या टेबलावर पसरले तेव्हा तेजल खरं तर पापड घ्यायला आली होती. पण एप्रिलमध्ये जयंतीला कॉलनीच्या स्टेजवर भाषण ठोकल्यापासून तिचं असं झालं होतं, की कागद दिसला की वाचायचा आणि वाचला की मत द्यायचं. त्याआधीची तेजल पाहुणे आले की स्वयंपाकघरात लपायची. ती तेजल आता नाशिक रोडला राहत नव्हती.

"आत्या, या गावातल्या शेळ्यांना काही रोग झालाय का?"

"का गं?"

"घरी कोणती जनावरं आहेत, तर हिच्याकडे दोन गाई आणि एक लंगडी शेळी. हिच्याकडेपण. हिच्याकडेपण." तेजल पापड तोंडात धरून फॉर्म वेगळे काढत गेली. "अकरा झाल्या. अकरा घरं, अकरा लंगड्या शेळ्या."

आत्यानं फॉर्म ओढून घेतले. गेल्या महिन्यात शाळा किती दिवस बुडली? शून्य. बस वेळेवर येते का? हो. अकराही जणींचं तेच, आणि बाकीच्या सत्तावीस जणींचं शेळी सोडून तेच. आत्या मटकन खुर्चीत बसली.

"कॉपी केलीय गं पोरींनी."

ही छाया आत्या म्हणजे तेजलच्या पप्पांची धाकटी बहीण. सहा वर्षं एका शाळेत शिकवत होती. ती नोकरी सोडून तिनं विद्यापीठात शिक्षण आणि सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा कॉलनीत बरीच चर्चा झाली. "राकेश, लागलेली नोकरी सोडून कुणी शिकतं का?" असं पप्पांना लोक ते कामाला होते त्या प्रेसच्या गेटवर गाठून विचारायचे. पप्पा म्हणायचे, "आमच्या घरात शिकून कुणाचं वाईट झालेलं नाही." आणि डबा उचलून आत जायचे.

आत्याचा प्रबंध होता मुलींच्या बसपासवर. पास फुकट आहे, बस आहे, शाळा आहे. तरी काही मुली शाळा का बुडवतात? त्यासाठी ती चांदवडच्या पुढच्या एका शाळेत जाऊन आली होती. शुक्रवारी विभागात पहिले निष्कर्ष मांडायचे होते, तेही लतिका मॅडमसमोर. गेल्या वर्षी मॅडमनी दोघांना विषय बदलायला लावला होता आणि दोघांचं वर्ष गेलं होतं. हा होता शनिवार.

"तू फॉर्म वाटलेस तेव्हा वर्गात कोण होतं?" तेजलनं विचारलं.

"झुंबर सर. चांगले आहेत बिचारे. म्हणाले, नीट लिहा गं, युनिव्हर्सिटीच्या मॅडम आल्यात, शाळेचं नाव घालवू नका."

"झालं मग. मीपण शून्यच लिहिलं असतं."

"आता मी जाऊन परत विचारलं तरी शून्यच सांगतील."

"तू विचारलंस तर सांगतील," तेजल म्हणाली. "मी येते. युनिफॉर्म घालून."

मुली शाळा का बुडवतात हे शोधायला सोमवारी तेजलनं शाळा बुडवली. पप्पांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग स्वतःच दोघींना पहाटेच्या बसला सोडलं.

चांदवडहून जीपनं त्या मुलींच्या गावच्या थांब्यावर पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. सात-आठ मुली दप्तरं घेऊन उभ्या होत्या. आत्याला बघताच सगळ्या एका रांगेत आल्या.

"आम्ही रोज जातो मॅडम शाळेत," पुढची वेणीवाली कुणी न विचारताच म्हणाली. ही राखी, वर्गात पहिली येणारी.

"आत्या, तू तिकडे चहा पी," तेजल हळूच म्हणाली. आत्या समोरच्या टपरीवर गेली. तेजल मुलींच्या शेजारी कठड्यावर बसली आणि पाय हलवायला लागली.

"मी आज शाळा बुडवली," ती म्हणाली.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कशापायी?" राखीनं विचारलं.

"तुमच्या लंगड्या शेळीपायी. अकरा जणींकडे आहे म्हणे. म्हटलं, बघून तरी यावं."

मग मागची एक बारकी फिसकन हसली आणि सगळ्याच सुटल्या.

"शेळी आमची हाय," राखी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ह्या समद्यांनी ढापली. अगं, प्रश्न तरी वाचायचा व्हता."

"वाचायचा कशाला? राखीचं बरोबरच असतंय," बारकी म्हणाली.

"मी गेल्या महिन्यात चार दिवस बुडवली," तेजलनं आणखी एक कबुली टाकली. "दोन दिवस मावशीचं लग्न, दोन दिवस नुसता कंटाळा."

"चारच?" बारकीनं नाक मुरडलं. "माझे सहा."

"माझे पाच."

"तू गप, तू मामाकडं गेलतीस ते धरलंच नाय."

तेवढ्यात बस आली. दारात टोपल्या, टपावर पोती, खिडक्यांत माणसंच माणसं. ड्रायव्हरनं लांबूनच हात हलवला आणि बस न थांबता धूळ उडवत निघून गेली. तेजल टुणकन उठली. बाकीच्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. कुणी हात केला नव्हता, कुणी ओरडलं नव्हतं. राखीनं दप्तर खांद्यावर नीट केलं.

"सोमवार बाजाराचा," ती म्हणाली. "सोमवारी थांबत नाय."

"दर सोमवारी?"

"लय तर लय महिन्यात एखांदी थांबती."

"मग उभ्या कशाला राहता?"

राखीनं तेजलकडं असं पाहिलं, जणू नाशिकच्या पोरींना काहीच कळत नाही. "सोमवारी उभं नाय राहिलं तर घरचे मंगळवारी सोडतील का?"

आत्या टपरीतून कधी उठून आली ते तेजलला कळलंच नाही. हातातला चहाचा कप तसाच भरलेला होता. ती कठड्यावर मुलींच्या ओळीत बसली. फॉर्म काढला नाही. मुली बोटांवर सोमवार मोजायला लागल्या तेव्हा तिनं फक्त वहीचं मागचं पान उघडलं.

शुक्रवारी विद्यापीठाच्या पायऱ्या चढताना आत्या मध्येच थांबली. "ते जुने फॉर्म दाखवू की नको?"

"दाखव. तेच तर भारी आहेत."

"मॅडम म्हणतील, हिला साधी माहिती गोळा करता येत नाही."

"आत्या, त्या पोरी दर सोमवारी उभ्या राहतात," तेजल म्हणाली. "तू एक शुक्रवार उभी राहा."

तेजलला मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. पडद्यावर पहिलीच ओळ आली: अकरा लंगड्या शेळ्या. दोन-तीन विद्यार्थी हसले. लतिका मॅडम हसल्या नाहीत.

"चूक माझी आहे मॅडम," आत्या म्हणाली. "मी पेपरासारखे कागद वाटले, पेपरासारखं बसवलं, मागे सर उभे केले. उत्तरंही पेपरासारखी आली. पास वाटले याचा हिशोब आपल्याकडे आहे. बस थांबली का, हे आपण विचारत नाही. आणि विचारलं तर अशा जागी विचारतो, जिथे खरं उत्तर चुकीचं वाटतं." मग तिनं सोमवार दाखवले. तेजलनं बाकाची कड घट्ट धरली होती. छाती इतकी भरून आली होती, की युनिफॉर्मचं बटण तुटतं की काय असं तिला वाटलं.

लतिका मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेळ्या काढू नका," त्या म्हणाल्या. "त्यांचं वेगळं प्रकरण करा. आणखी तीन थांब्यांवर जा, तिथेही बाजाराचा दिवस बघा. विषय मंजूर." मग त्यांची नजर मागच्या बाकावर गेली. "ही कोण?"

"माझी भाची, मॅडम. नववीत आहे. थांब्यावर बोलायची रीत हिची."

"आज शाळा नाही?"

तेजल उभी राहिली. "बुडवली, मॅडम."

"कारण लिहून घ्या, छाया," मॅडम म्हणाल्या, आणि आता मात्र हसल्या.

बाहेर पायऱ्यांवर येताच आत्यानं पप्पांना फोन लावला. पलीकडून पप्पांचा आवाज आला, "काय म्हणाल्या गं मॅडम?" आत्यानं डोळे पुसत फोन तेजलच्या हातात दिला.

"तूच सांग."

तेजलनं घसा साफ केला, जयंतीच्या स्टेजवर केला होता तसाच.

"पप्पा, नीट ऐका," ती म्हणाली. "एका गावात राखी नावाची मुलगी आहे. तिच्या घरी एक शेळी आहे."