बोटाचा डाग

काचवाल्यांनी फोटो चौथ्यांदा मोठा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला. तारा होता, पण त्याच्याभोवती चहाच्या कपाचा डाग उमटावा तसं गलेलठ्ठ वलय बसलं होतं. खालच्या तांबड्या ढगात घोड्याच्या मानेसारखी काळी आकृती दिसायला हवी होती, ती त्या वलयात धुरकटून गेली होती.

बायको मागे येऊन उभी राहिली आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे गोल छान आलंय."

"बोट लावू नकोस. डाग पडतात," काचवाले खेकसले. "आणि ते गोलच नकोय मला."

काचवाले हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं ते भिंगं घासून फ्रेममध्ये बसवत होते. नाद म्हणाल तर एकच, गच्चीवरून ताऱ्यांचे फोटो काढण्याचा. गावातल्या दिव्यांचा उजेड अडवून ढगाचा तेवढा आत सोडणारा चांगला फिल्टर दोन फ्रिजच्या किमतीत जात होता, म्हणून त्यांनी स्वस्तातला मागवला. त्याने दिवे इमानदारीने अडवले, पण ठळक ताऱ्याला वलय बहाल केलं. चार महिने काचवाल्यांनी सगळे उपाय करून पाहिले. फिल्टरची कड काळी रंगवली, फिल्टर कॅमेऱ्याला जोडणारी कडी बदलली, कॉम्प्युटरवर वलय पुसायला गेले तर ढगच पुसला गेला. डोक्याला नुसता ताप झाला होता.

"एवढं काय चिडायचं त्यात," बायको म्हणाली. "दिव्याला असतंच की असं."

दिव्याला नसतं, फिल्टरला असतं, असं त्यांनी तिला ऐकवलं. तिने मात्र आपल्याला रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती दिसतं म्हणून सांगितलं. काचवाल्यांनी तिचा चष्मा काढून घेतला, दुकानातल्या मऊ फडक्याने पुसला आणि उजेडात धरला. एक ओरखडा नव्हता. "काच स्वच्छ आहे," त्यांनी निकाल दिला आणि विषय संपवला.

त्याच आठवड्यात ओट्यावरच्या कपाटाचं उघडं दार तिच्या कपाळाला दोनदा लागलं. काचवाले आधीच पेटलेले होते. एवढं मोठं दार दिसत नाही का, असं त्यांनी विचारलं. "नाही दिसलं," ती म्हणाली. त्यांना ते उलट उत्तर वाटलं. तिचं कपाळही हल्ली संध्याकाळी ठणकायचं, पण ती बाम चोळून झोपायची आणि सकाळी बरी असायची, त्यामुळे त्याची चर्चा कधी झाली नाही.

शेवटी त्यांनी पोस्टमास्तरांना फोन लावला. हे निवृत्त गृहस्थ ताऱ्यांच्याच नादातले. त्यांनी सगळी रडकथा ऐकून घेतली आणि फिल्टर उलटा तर बसवला नाही ना, चकाकणारी बाजू आकाशाकडे आहे ना, एवढंच विचारलं. काचवाल्यांना राग आला. एकतीस वर्षं भिंगं बसवणाऱ्याला काचेची उलटसुलट शिकवायची म्हणजे हद्दच झाली. फोन ठेवून त्यांनी फिल्टर काढून पाहिला. उलटाच होता. दुकानात भिंगावरची खूण बघायची आणि काच बसवायची, हात तसेच वळलेले. इथेही त्यांनी कडीवरची अक्षरं वर ठेवली होती, आणि कारखान्यातल्या कुणा शहाण्याने अक्षरं मागच्या बाजूला छापली होती. चार महिने पाण्यात. त्या शहाण्याच्या नावाने बोटं मोडतच ते सकाळी कामावर गेले.

दुपारी तयार चष्मा द्यायला ते पुढच्या दालनात आले. गिऱ्हाईक बाई भिंतीवरचा डोळ्यांच्या आजारांचा फलक वाचत होत्या. अकरा वर्षांपूर्वी तो काचवाल्यांनीच तिथे ठोकला होता. दिव्याभोवती वलय म्हणजे नेमकं काय हो, असं त्या बाईंनी विचारलं.

"म्हणजे असं बघा," काचवाले नेहमीच्या सुरात सांगू लागले, "संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसतं, कपाळ ठणकतं, झोपून उठलं की बरं वाटतं..."

चष्मा बाईंच्या हातात देऊन ते तसेच बाहेर पडले. मागच्या खोलीत घासायचं यंत्र चालूच राहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बायकोचे दोन्ही डोळे तपासले. काचबिंदू होता. अंधारायला लागलं की डोळ्यातला दाब चढत होता आणि त्यात आतली नस मरत होती. वरच्या बाजूची नजर दोन्हीकडे पुसट झाली होती. लेसरने बारीक छिद्र पाडू, थेंब सुरू करू, राहिलेलं सांभाळू, असं त्या म्हणाल्या. गेलेलं परत येणार नव्हतं.

"वलय कधीपासून दिसतंय?" त्यांनी विचारलं.

बायकोने थोडा विचार केला. "यांच्या ताऱ्याला दिसायच्या आधीपासून," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काचवाल्यांना सोसला असता.

लेसर झालं. वेळच्या वेळी थेंब घालायचं काम काचवाल्यांनी स्वतःकडे घेतलं आणि कपाटाचं ते दार बिजागरीसकट काढून टाकलं. तीन आठवड्यांनी आकाश मोकळं मिळालं तेव्हा त्यांनी सुलट फिल्टरने फोटो काढला, तोही बायकोनेच पाठी लागून गच्चीवर पिटाळलं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिला लॅपटॉपसमोर बसवलं. तारा टाचणीच्या टोकासारखा स्वच्छ आला होता.

"घोडा दिसला," ती पुढे वाकून म्हणाली. "मान कशी छान वळवलीय त्याने." मग जरा थांबून म्हणाली, "वरचा तारा पुसूनच टाकलात होय? बरं केलंत. किती छळलं त्याने तुम्हाला."

काचवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. तारा घोड्याच्या डोक्यावर, जागच्या जागी होता.

त्यांनी पडद्यावर घोड्याच्या मानेशी आपलं बोट टेकवलं आणि हळूहळू वर सरकवत नेलं. तिची नजर बोटाबरोबर चढत गेली.

"हां, आहे की," ती म्हणाली. "गोल गेलं त्याचं."

"गेलं," काचवाले म्हणाले.

काचेवर खालून वर बोटाचा लांब डाग उमटला होता. फडकं हाताशीच होतं. त्यांनी ते उचललं नाही.