मधल्या खोलीतलं रेकॉर्डिंग

नऊ वर्षांनी मधल्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा विष्णुपंत पुढच्या खोलीत वाचत बसले होते. आधी पंखे कुरकुरले, मग त्यांची घरघर वाढत गेली आणि एका पट्टीत स्थिर झाली. हा आवाज आपण विसरून गेलो आहोत, अशी त्यांची समजूत होती. पण तो कानावर पडताच त्यांनी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं कान देऊन बसले, जणू त्या घरघरीच्या मागोमाग आणखी काही ऐकू येणार होतं. आलं ते एवढंच, की उत्कर्ष आतून म्हणाला, "नाना, जिवंत आहे हो हा अजून."

तुळजापुरातलं त्यांचं घर म्हणजे एका रांगेत तीन खोल्या. पुढची विष्णुपंतांची, मागचं स्वयंपाकघर, आणि मधली एकेकाळी त्यांच्या मुलाची, उत्कर्षची. घराण्याकडं पूर्वी पुजारीपण होतं. विष्णुपंत स्वतः तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, पण देवीला येऊन या घरी उतरलेल्या कुटुंबांच्या नावांच्या वह्या माळ्यावर होत्या. त्यांना कसर लागायला लागली तशी त्यांनी पानापानाचा फोटो काढायला घेतला. फोन भरला, दुसरा फोनही भरला. तेव्हा सून निवेदिता म्हणाली, की तो गेमचा एवढा मोठा डबा नुसता धूळ खातोय, त्याचंच घरातलं कोठार करा. वह्या तिथं, जाईचे फोटो तिथं, आणि पुण्यातून आम्हालाही उघडता येईल. जाई म्हणजे नात, दोन वर्षांची. उत्कर्षनं वर्षभर चालढकल केली. शेवटी होळीच्या सुट्टीत दोन नव्या डिस्क पिशवीत घालून तो एकटाच आला.

त्यानं डबा उघडला, ब्रशनं धूळ काढली, गेमसाठी घेतलेलं जाडजूड कार्ड बाहेर काढून ठेवलं. आता ते नुसती वीज खाईल म्हणाला. नव्या दोन्ही डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाईल, एक गेली तर दुसरी राहील, हेही त्यानं समजावून सांगितलं. राहिली जुनी डिस्क. ती पुसून तिच्यावर नवी यंत्रणा बसवायची होती.

"माझ्या गेमच्या रेकॉर्डिंगशिवाय काही नाही तिच्यात," तो म्हणाला. "मी केबल घेऊन येतो. तोवर बघा वाटलं तर." हे बोलताना त्यानं पडद्याकडं पाहिलं नाही.

तो गेल्यावर विष्णुपंत मधल्या खोलीत आले.

त्या काळी उत्कर्ष इंजिनिअरिंगला होता. सुट्टीला आला की कानांवर मोठाले हेडफोन चढवून लांबच्या मित्रांशी बोलत खेळायचा आणि ते खेळणं आवाजासकट रेकॉर्ड करून ठेवायचा. टेबलावर एक माईक असायचा. पडद्यावर आता त्या फायली तारखांनी ओळीनं मांडलेल्या होत्या. अठ्ठावीस जानेवारी दोन हजार सोळा. ती होती.

त्या दिवशी दुपारी नीला, विष्णुपंतांची बायको, स्वयंपाकघरात पडली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. विरजण मागायला आलेल्या शेजारच्या शिवम्मानं तिला पाहिलं, तेव्हा पावणेचार झाले होते. सोलापूरला नेलं, तिथं ती तिसऱ्या दिवशी गेली, एक शब्द न बोलता. अर्धा तास आधी आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले होते. दहाव्याला नीलाचा भाऊ उत्तरेश्वर येडशीहून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगं पलीकडच्या खोलीत कान झाकून बसलेलं. माय हाका मारून थकली असंल, त्याला कुठलं ऐकू येतंय." विष्णुपंतांनी आधीच सांगून टाकलं होतं, की आपला डोळा लागला होता. दुपारी जेवल्यावर माणसाचा डोळा लागतोच. त्यांना कोणी काही विचारलं नाही. उत्कर्षनं त्यानंतर त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि नोकरी लागल्यावर या घरात तो कधी दोन रात्रींच्या वर राहिला नाही.

डोळा लागला नव्हता. विष्णुपंत वाचत होते आणि त्यांना हाक ऐकू आली होती. "विष्णुपंत." बाईचा आवाज, एकदाच. नीलानं उखाणा सोडला तर कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. एरवी 'अहो', फार तर 'ऐकलं का'. आणि लहानपणापासून आईनं बजावलेलं, की एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारील, भर दुपारी नाव घेऊन एकदाच बोलावतं ते माणूस नसतं. ते दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले. ती आली नाही.

ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही, आणि स्वतःलाही ती नीट सांगता आली नाही. खरंच ऐकू आली होती, का नंतर मनानं रचली? दुपारी घर सामसूम झालं की ती हाक अजून यायची, कधी भिंतीतून, कधी वाचता वाचता ओळींच्या मधून. कदाचित डोळा लागलाही असेल. सांगून सांगून त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं.

त्यांनी फाईल उघडली. रेकॉर्डिंग दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू झालेलं. त्यांनी ते तासभर पुढं सरकवलं.

पडद्यावर बंदुका उडत होत्या, कोणी पळत होतं. वीस वर्षांचा उत्कर्ष मित्राला शिव्या घालून हसत होता. आणि त्याच्या हसण्याच्या मागं घर होतं. भांडं खाली ठेवल्याचा आवाज, नळ बंद केल्याचा, गल्लीतून गेलेल्या रिक्षाचा. त्या एवढ्याशा माईकनं इतकं टिपलं असेल, हे विष्णुपंतांच्या ध्यानीमनी नव्हतं. बांगड्या वाजल्या तेव्हा त्यांनी मागं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

मग ती म्हणाली, "अहो."

हळू, रोजच्यासारखं. थोड्या वेळानं पुन्हा "अहो", जरा जड जिभेनं. या दोन हाका विष्णुपंतांना आठवत नव्हत्या. छत्तीस वर्षं ऐकून ऐकून तो शब्द त्यांच्या कानात शिरायचाच बंद झाला होता; हातात पुस्तक असलं, मग तर नाहीच. तिलाही ते ठाऊक असणार. कारण तिसऱ्यांदा तिनं नाव घेतलं.

"विष्णुपंत."

लगेच पुढच्या खोलीतून खुर्ची फरशीवर सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी उठलं. खोकलं. मग चार-पाच श्वास काही नाही, नुसत्या बंदुका. मग खुर्ची परत सरकली आणि ते जे कोणी होतं ते खाली बसलं.

विष्णुपंतांनी तेवढा तुकडा पुन्हा ऐकला. नऊ वर्षं ते नीलाच्या आवाजाला भीत आले होते. आता त्यांना त्या खुर्चीतल्या माणसाची भीती वाटली.

उत्कर्ष केबल घेऊन परत आला. "मिळालं काही?" त्यानं विचारलं. पुसून टाकू का, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. विष्णुपंत 'नाही' म्हणाले असते तर दहा मिनिटांत सगळं संपलं असतं आणि कोणाला कधी कळलं नसतं. ते 'नाही' त्यांच्या जिभेवर आलंही होतं.

"त्या दिवशी मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले.

उत्कर्ष उभाच राहिला.

"तिनं मला हाक मारली. दोनदा 'अहो' म्हणून, मग नावानं. नावाची मी ऐकली. उठलो, आणि परत बसलो. यात आहे सगळं."

उत्कर्षनं विचारलं, "मला नव्हती मारली?"

"नाही. तुझं नाव कुठंच नाही."

"मी कधी उघडलंच नाही ते. मला वाटायचं, उत्कर्ष, उत्कर्ष असंच असणार त्यात." तो खाली बसला. केबलचं वेटोळं हातात फिरवत राहिला. "मामा बोलले तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, नाना."

"होतो."

"हाकेचं मी समजू शकतो. आजीनं मलाही तेच शिकवलंय. पण नऊ वर्षं तुम्ही मला ते वाहू दिलंत?"

विष्णुपंत पडद्यासमोरून उठून बाजूला झाले.

उत्कर्षनं हेडफोन चढवले आणि फाईल लावली. विष्णुपंत त्याचा चेहरा बघत उभे राहिले. तिसऱ्या हाकेला त्याचे डोळे मिटले. आता थांबवील, असं त्यांना वाटलं; पण तो पुढं ऐकत गेला, पार शिवम्माच्या किंकाळीपर्यंत. एवढं पुढचं विष्णुपंतांनी ऐकलं नव्हतं. हेडफोन काढून तो म्हणाला, "पंचवीस मिनिटं मी हसतोय त्यात, नाना. नुसता हसतोय."

मग तो कामाला लागला. ती एक फाईल त्यानं पेनड्राइव्हवर घेतली, जुनी डिस्क पुसली, नवी यंत्रणा बसवली, आणि संध्याकाळी वह्यांच्या आणि जाईच्या फोटोंच्या बरोबरीनं ती फाईलही दोन्ही नव्या डिस्कवर ठेवली. ती कशाला, असं विष्णुपंतांनी चाचरत विचारलं. आईचा दुसरा आवाज आहे का आपल्याकडं, असं तो म्हणाला. आणि खरंच नव्हता. फाईलला त्यानं नाव दिलं नाही, तारीखच राहू दिली. सकाळी पुण्याच्या गाडीला निघताना तो वाकला, पण त्याचा हात पायाला लागला की नाही, हे विष्णुपंतांना कळलं नाही.

आता तो डबा दिवसरात्र चालू असतो. पुढच्या बाजूला एक हिरवा दिवा आहे. कोणी आतलं काही उघडलं, की तो लुकलुकतो.

पुढच्या रविवारी विष्णुपंत एसटीनं येडशीला गेले. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा मनात मांडून पाहिलं, चारही वेळा मोडलं. उत्तरेश्वर ओट्यावर बसला होता. तोही आता थकला आहे. विष्णुपंतांनी उभ्या उभ्याच सांगितलं, की त्या दिवशी हाक मला ऐकू आली होती, पोराचा काही दोष नव्हता, तू दहाव्याला बोललास तेव्हा मी गप्प बसलो. उत्तरेश्वरनं डोळे बारीक करून ऐकलं.

"म्या बोललो होतो असं?" तो म्हणाला. "न्हाय आठवत." आणि त्यानं आत चहा सांगितला.

चारच्या सुमाराला ते घरी पोचले. मधल्या खोलीत दिवा लुकलुकत होता. विष्णुपंतांनी उत्कर्षला फोन लावला आणि येडशीला जाऊन आल्याचं सांगितलं, उत्तरेश्वर काय म्हणाला तेही सांगितलं.

"तुम्ही एकटे गेलात?" त्यानं विचारलं.

"हो."

"जेवलात का?"

जेवले नव्हते, पण हो म्हणाले. फोन ठेवला तरी दिवा लुकलुकतच होता. तिकडं कोणी जाईचे फोटो बघत होतं की आणखी काही, हे इथून कळायला मार्ग नव्हता. विष्णुपंत तो थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले.