ताईचे मणी

माझ्या नाकावर राग असतो, असं ताई म्हणते, आणि ते खोटं नाही. त्या सकाळी तो नाकावर मावेना इतका होता. मी कंट्रोल रूममध्ये माझ्या स्क्रीनसमोर बसले होते आणि साहेब खुर्चीमागे उभे राहून लाडीगोडी लावत होते.

"मॉडेलला जरा सांभाळून घ्या ना, बाई. एवढासा तर फरक आहे."

फरक एवढासा नव्हता आणि तो वाढत होता.

आमची अणुभट्टी लहान, संशोधनापुरती. ती वीज करत नाही. नवं इंधन, नवे पंप, नवी रसायनं तिच्यावर तपासून बघायची, एवढंच तिचं काम. तिच्या पाण्यात बोरॉन विरघळवलेलं असतं. ते न्यूट्रॉन गिळतं आणि भट्टीला आवरून धरतं. उरलेलं आवरायचं काम रॉड, म्हणजे भट्टीत खालीवर सरकणाऱ्या कांड्या, करतात. भट्टी जोर करायला लागली की ते आपोआप खाली उतरतात, मंदावली की वर येतात. रॉड कोणत्या वेळी कुठे असतील हे आधीच सांगायचं काम माझं, म्हणजे मी लिहिलेल्या मॉडेलचं. स्क्रीनवर दोन रेषा असतात. निळी माझी, काळी भट्टीची. दोघींनी हातात हात घालून चालायचं. त्यांच्यात ठरलेल्यापेक्षा जास्त अंतर पडलं की भट्टी बंद करायची आणि मग कारण शोधायचं, असा आमच्याकडचा नियम.

माझी निळी रेषा सांगत होती की रॉड हळूहळू वर येतील. काळी रेषा खाली चालली होती.

"आत काहीतरी जोर करतंय, साहेब," मी म्हणाले.

"किंवा तुमचं मॉडेल चुकतंय."

आता हे ऐकून माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार? पण काचेपलीकडे वरच्या ऑफिसातून आलेले दोन तपासनीस बसले होते, म्हणून मी ओठ आवळून पुन्हा स्क्रीनकडे वळले.

ते आले होते ताईसाठी. ताई माझी सख्खी बहीण. आई गेली तेव्हा मी फ्रॉक घालत होते, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं, दामटून अभ्यासाला बसवलं आणि शेवटी स्वतःच्याच नोकरीच्या ठिकाणी आणून चिकटवलं. ती इथे रेझिनचं काम करते. रेझिन म्हणजे मोहरीएवढे पिवळसर मणी. भट्टीचं पाणी त्यांच्यातून फिरवलं की ते त्यातली घाण पकडून ठेवतात. ताईनं उमेदीची सगळी वर्षं घालून एक नवा मणी तयार केला होता. जुन्यापेक्षा दुप्पट पकडून ठेवतो, असा तिचा दावा. कितीतरी जणांनी तो हसण्यावारी नेला होता. आज पहिल्यांदाच ते मणी खऱ्या भट्टीला जोडले होते. या महिन्याअखेर ताई निवृत्त होणार होती आणि भट्टी लांबलचक दुरुस्तीला जाणार होती. म्हणजे आज जमलं तर जमलं, नाहीतर तिच्या सगळ्या कामाला कुलूप.

"नियमातलं अंतर ओलांडायला फार वेळ नाही," शिफ्टचा प्रमुख म्हणाला. याला आम्ही पाठीमागे 'घड्याळ' म्हणतो, कारण हा वेळेखेरीज दुसरं काही बोलत नाही. "काय ते ठरवा."

"बाई, एक गुणक टाका," साहेब हळूच म्हणाले. "निळी रेषा थोडी खाली ओढा. मागच्या खेपेला टाकला होतात की."

"तेव्हा कारण सापडलं होतं. इंधनाचा आकडा चुकीचा भरला गेला होता. आज कारण कुठाय?"

"कारण संध्याकाळी शोधू. आता भट्टी थांबली तर चाचणी गेली. आणि चाचणी कोणाची आहे, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

हे मात्र त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. साहेब वाईट माणूस नाही. ताईच्या मण्यांसाठी वर भांडले होते तेही हेच.

मी काळी रेषा मागे सरकवत सरकवत नेली. सकाळी ती माझ्या निळीला चिकटून होती. मग एका जागी वाकली आणि तिथून खाली. ती जागा मी वेळेशी ताडून बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिथेच ताईच्या मण्यांची गाळणी पाण्याला जोडली गेली होती.

कोरे मणी भट्टीला कधीच जोडत नाहीत. कोरा मणी उपाशी असतो. तो घाणीबरोबर पाण्यातलं बोरॉनही खाऊन टाकतो आणि बोरॉन गेलं की भट्टीचा लगाम सैल होतो. म्हणून मण्यांना आधी बोरिक आम्लात भिजवून बोरॉननं गच्च करायचं. आमच्याकडे त्याला 'पोट भरणं' म्हणतात. नवी पोरं पहिल्या आठवड्यात हेच शिकतात, आणि शिकवते कोण, तर ताई. तिच्याकडून ते राहील? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ.

पाण्याचा नमुना सकाळी गाळणी जोडायच्या आधी घेतलेला होता. त्यात बोरॉन अगदी ठीक. मी नवा नमुना मागवला. तो ताईच्याच प्रयोगशाळेत जाणार, उत्तर यायला तास तरी लागणार.

"तासभर नाही आपल्याकडे," घड्याळ म्हणाला.

मी कोपऱ्यातल्या फोनकडे गेले. साहेबांना वाटलं, मी गुणकाचा विचार करायला बाजूला झालेय. त्यांनी मान डोलावली.

"बोल, छोटे!" ताईचा आवाज खुशीत होता. "पाणी बघितलंस का? काय स्वच्छ येतंय ग! मी तर बघतच बसलेय."

"ताई, मण्यांचं पोट भरलं होतंस ना?"

"म्हणजे काय? मला विचारतेस हे?"

"कसं भरलंस ते सांग."

"नेहमीसारखं. आम्लाची एक टाकी, शेवटच्या थेंबापर्यंत. काय झालं?"

"टाकी जुन्या मण्यांच्या मापाची आहे, ताई."

पलीकडे स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला. मी थांबले नाही.

"बाहेर पडणारं आम्ल तपासलंस? आत जाईल तेवढंच बोरॉन बाहेर येतंय का ते?"

"नाही ग," ती म्हणाली. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "टाकी संपली की पोट भरलं. इतकी वर्षं तेच करतोय आपण. हात आपोआप चालतात." आणि मग, "दुप्पट धरतात म्हणून जगभर सांगत सुटले, आणि जेवायला वाढलं निम्मं."

जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिनंच असं बोलावं, हे मला सहन होईना. मी पाठ फिरवली, तोंडावर हात धरला आणि कधी बोलेन असं वाटलं नव्हतं ते बोलून गेले.

"ऐक. रॉडना अजून थोडी जागा आहे. मी निळी रेषा खाली ओढते. साहेब तर मागेच लागलेत. संध्याकाळपर्यंत मण्यांची भूक भागेल, काळी रेषा सरळ होईल. चाचणी पार पडेल. कोणाला काही कळणार नाही."

"थोडी म्हणजे किती?"

मी सांगितलं.

"आणि मध्येच काही बिघडून भट्टी थांबवायची वेळ आली तर? बोरॉन माझ्या मण्यांच्या पोटात. रॉड आधीच अर्धे खाली. तिला धरून ठेवायला उरलं काय?"

हे तिच्यापेक्षा मला चांगलं ठाऊक होतं. माझं तर पोटच त्यावर भरतं. तरी मी म्हटलं, "ताई, पुन्हा संधी नाही मिळायची."

"छोटे, मॉडेलला हात लावलास तर तिथे येऊन सगळ्यांदेखत थोबाडीत देईन. स्पीकर लाव."

"ताई..."

"लाव म्हणते ना!"

मी लावला. लहानपणापासून तिचा हा आवाज ऐकून कोणती गोष्ट केली नाही, असं झालेलं नाही.

"रेझिनमधून बोलतेय," ताईचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. काचेपलीकडचे दोघे उठून उभे राहिले. "माझे मणी पाण्यातलं बोरॉन खातायत. गाळणी तोडा आणि भट्टी बंद करा. पोट भरण्यात माझी चूक झालीय."

"ताई, घाई नको," साहेब फोनकडे धावत म्हणाले. "नमुन्याचं उत्तर येऊ दे, मग..."

"साहेब, नमुना तपासणारी मीच. तासाभरानं हेच सांगेन."

घड्याळानं साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. गाळणीचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं आणि लाल बटण दाबलं. रॉड सुटले. आता उरला होता एकच प्रश्न, आणि तो कोणी बोलून दाखवत नव्हतं. कमी झालेल्या बोरॉनवर ते भट्टीला पुरतं खाली बसवतील ना? मी न्यूट्रॉनच्या आकड्याकडे डोळे लावून बसले. आकडा उतरला, मग रेंगाळला. बोरॉनचे पंप सुरू झाल्याची सूचना आली. आकडा पुन्हा उतरू लागला आणि उतरतच राहिला.

"बसली," घड्याळ म्हणाला आणि पहिल्यांदाच वेळ न सांगता खुर्चीत टेकला.

दुपारी मी लॅपटॉप घेऊन ताईकडे गेले. साहेब नुकतेच सांगून गेले होते की चाचणी अयशस्वी धरली जाईल. तपासनीसही परतले होते. ताई स्टुलावर बसली होती, समोर शिल्लक राहिलेल्या मण्यांचं भांडं. नमुन्याचं उत्तर तिनं फळ्यावर लिहून ठेवलं होतं, नेहमीच्या वळणदार अक्षरात. बोरॉन खरंच घटलं होतं.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"तू?"

तिनं मान हलवली. मी तिच्याशेजारी स्टूल ओढलं. मला जे येतं ते केलं. मॉडेल उघडलं. पाण्यातलं बोरॉन स्थिर आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. ते काढून तिथे ताईचे मणी घातले. ती सांगत आली तेवढीच, दुप्पट भूक. त्यातलं निम्मं पोट भरलेलं, निम्मं रिकामं. बाकी कशाला हात लावला नाही. मग चालवलं.

निळी रेषा सकाळसारखीच निघाली. गाळणी जोडल्याच्या जागी वाकली. तिथून काळीवर जी बसली ती शेवटपर्यंत हलली नाही. दोन रेषा आहेत, हेच दिसेना.

"ताई, दुप्पट म्हणाली होतीस ना? दुप्पटच आहे. एक कण कमी नाही, जास्त नाही."

तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला, स्क्रीनजवळ वाकली.

"मेले काय खातात ग," ती हसत म्हणाली आणि तशीच रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही रडू आलं.

पदरानं डोळे कोरडे करून तिनं विचारलं, "मगाशी फोनवर म्हणालीस ते. खरंच ओढली असतीस रेषा?"

खोटं बोलून काय उपयोग? तिला माझं तोंड वाचता येतं.

"ओढली असती. तुझ्यासाठी."

ताईनं स्क्रीनवरच्या त्या एका रेषेवर बोट ठेवलं.

"मग निळी खोटी करून ही काळी कशाशी जुळवली असतीस, छोटे?"