वाढत्या पायाचे बूट

शाळेच्या डायरीत क्रीडाशिक्षकांनी लाल शाईने दीड ओळ लिहिली होती. "पाय ओढत धावते, सूचना देऊनही सुधारणा नाही. रिलेतून वगळत आहे."

आईने ती दीड ओळ सकाळपासून सात वेळा वाचली होती आणि दर वेळी तिचं डोकं जास्तच तापत होतं. पाय ओढते? जिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, आंघोळ झाली की जिच्यामागे टॉवेल घेऊन खोल्या पालथ्या घालाव्या लागतात, ती पाय ओढते? आणि नाव खोडण्याआधी या गृहस्थांनी एकदा तरी वाकून बघितलं का, पोरीला काही होतंय का म्हणून? पोरगी बाहेर पळताना अडखळते म्हणून महिनाभर आई मात्र तिच्या हाडांपासून डोळ्यांपर्यंत सगळ्याची काळजी करून दमली होती. शनिवारी रिलेतली शेवटची धाव भिंगरीची होती. डायरी घरी आली तेव्हापासून पोरगी तोंड उघडत नव्हती.

"बूट बदलून बघू," आई नवऱ्याला म्हणाली.

"सहाच महिने झालेत घेऊन. आणि माणूस बुटांनी पळतो का? पायांनी पळतो."

"सरांनीही तेच लिहिलंय. तुझ्या लेकीचे पायच वाईट म्हणून."

त्यावर त्याने चपला घातल्या आणि तिघं बुटांच्या दुकानाकडे निघाली.

दुकानदार म्हातारा होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने आधी लाल दिव्यांची जोडी काढली. "ताई, सगळी मुलं हीच नेतात. पावलागणिक टाच पेटते."

"तिला पळायचंय, काका. सिग्नल नाही द्यायचा."

म्हातारा हसला आणि मग कामाला लागला. भिंगरीला त्याने मापाच्या पट्टीवर उभं केलं. "बसून नको, बाळ. बसलं की पाय खोटं बोलतो." माप घेतलं, तिचा जुना बूट उचलला, आत हात घातला आणि कापसाचा एक करडा, दगडासारखा गोळा बाहेर काढला. दुसऱ्या बुटातूनही तसाच.

"हे दोन नंबर मोठे आहेत. हा कापूस कशाला?"

सहा महिन्यांपूर्वी "वाढत्या पायाचे द्या" असं आईच म्हणाली होती, आणि घरी येऊन स्वतःच्या हुशारीवर खूश होत कापूसही तिनेच कोंबला होता.

"तो गोळा होतो," भिंगरी हळूच म्हणाली. "मग बोटं वाकवून बूट धरून ठेवायचा. नाहीतर मागून निघतो."

"मग सांगायचं नाही?"

"तूच म्हणालीस ना, होतील बरोबर."

आईने दोन्ही गोळे उचलून पिशवीत टाकले. सहा महिने पोरगी बोटांनी बूट धरून पळत होती, आणि वर आळशीपणाचा शिक्का.

बाबांनी तरीही तोंड घातलं. "एक नंबर तरी मोठा घेऊ. चार महिन्यांत लहान होतील."

"होऊ देत. शनिवार चार दिवसांवर आहे, चार महिन्यांवर नाही."

पहिली जोडी करंगळीला लागत होती.

"दुखतंय?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे दुखतंय. काढ."

दुसरी टाचेत सैल. तिसरी साधी, राखाडी. म्हाताऱ्याने पुढे अंगठा दाबून पाहिला, टाच ओढून पाहिली. "दारापासून कोपऱ्यापर्यंत पळून ये." भिंगरी गेली आणि आली, आणि एकदाही तिने खाली पायांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने क्रीडाशिक्षकांच्या टेबलावर डायरी उघडली आणि त्या दीड ओळीवर दोन्ही गोळे ठेवले.

"हे काय?"

"पाय ओढण्याचं कारण, सर. सहा महिने तुमच्या डोळ्यांसमोर पळत होतं."

सरांनी एक गोळा बोटाने ढकलून पाहिला. "पण बुटात घातला कुणी?"

वाटेत तिने लांबलचक भाषण जुळवलं होतं. त्यात हा प्रश्न नव्हता.

"मी," ती म्हणाली. "माझं मी बघेन. तुम्ही तिला आज पुन्हा पळवा. आणि या वेळी जरा खाली बघा."

सरांनी गोळे बाजूला सारून डायरी मिटली. मग त्यांनी खुंटीवरची शिट्टी काढून गळ्यात घातली.