दीपालीपासून लपवलेला रिपोर्ट

मिरकरवाडा बंदराजवळच्या भाड्याच्या खोलीत दीपाली नवऱ्याबरोबर जेवायला बसली होती. तांदळाच्या भाकरीचा तुकडा चावताना तिचा पुढचा दात हलला. उरलेल्या तुकड्याला लागलेलं रक्त विनीतने पाहिलं.

"आता पुरे. उद्या दाताच्या डॉक्टरांकडे जायचंच," तो म्हणाला.

विनीत बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातलं वर्षभर दीपालीच्या हिरड्या सुजलेल्याच होत्या. माहेरी वेळणेश्वरला आईला फोन केला, की ती म्हणे, "आपल्या घराण्यात हिरड्या नाजूकच गो. मीठ-हळद चोळ."

डॉक्टर योगिनींनी तोंड तपासलं आणि आधी रक्त तपासायला सांगितलं. उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशी निघाली. दीपाली अवघी सव्वीस वर्षांची.

"साखर वाढलेली राहिली की हिरड्यांची सूज हटत नाही, दात धरणारं हाड झिजतं," डॉक्टरांनी समजावलं. "आणि ती सूज अंगात मुरली की साखरही आटोक्यात येत नाही. दोन्हींवर एकदमच उपचार करू. पुढचे दोन दात मात्र वाचणार नाहीत. पूर्वी कधी रक्त तपासलं होतं?"

तपासलं होतं. लग्नाआधी मानेवरचं गळू भरत नव्हतं, तेव्हा. रिपोर्ट आईनेच आणला आणि स्वतःकडेच ठेवला होता. त्यानंतर लग्न होईपर्यंत आई रोज स्वतःच्या हाताने तिला एक गोळी देई. रक्तवाढीची, म्हणे.

दवाखान्याच्या पायरीवरूनच दीपालीने फोन लावला.

"आये, मला शुगर निघाली."

पलीकडून दबक्या आवाजात प्रश्न आला, "सासूला कळलं काय गो?"

दीपाली पायरीवरच बसली.

"तुला ठाऊक होतं?"

"बोलले असते तर तुला पदरात घेतली असती कोणी? तुझ्या भल्यासाठीच केलं, बाय."

विनीतने शेजारून सगळं ऐकलं. "तुला खरंच ठाऊक नव्हतं?" त्याने विचारलं. नवऱ्याच्या डोळ्यांतला तो संशयही आईनेच पदरात घातला होता.

महिन्याभराने धाकट्या बहिणीला, सानिकाला, बघायला केळशीचे पाहुणे आले. दीपाली माहेरी पोचली, तेव्हा तिच्या तोंडात पुढचे दोन दात नव्हते.

"तोंडावर पदर धर. विचारलंच तर पडलीस म्हणून सांग," आई कुजबुजली.

दीपाली चहा देत असताना मुलाच्या मामांनी दातांचं विचारलंच. दीपालीने पदर बाजूला केला.

"मी पडले नाय. मला मधुमेह आहे. लग्नाआधीपासून आईला ठाऊक होतं, मला नव्हतं. सानिकाचं रक्त तपासा, मुलाचंही तपासा आणि मगच ठरवा."

मामा कप तसाच ठेवून उठले. पाहुणे गेले.

"बहिणीचं वाटोळं केलंस!" आई ओरडली.

सानिका मात्र आईकडेच बघत होती. "आये, माझंही काय लपवलंयस?"

"नाय गो, देवाशपथ!"

"मग उद्या ताईबरोबर जाऊन मी तपासून येते."

सानिकाला साखर नव्हती. आईने सुटकेचा श्वास सोडला. "बघ, उगाच स्थळ मोडलंस."

दीपाली तिच्यासमोर बसली. "तिला निघाली असती, तर तिला सांगितलं असतंस?"

आई खाली मान घालून सुपातले तांदूळ निवडत राहिली. दोन्ही मुली उत्तराची वाट बघत तिथेच बसून होत्या.