सरळ ओळ

"आई गं!" वेल्डरने सुई टाकून बोट तोंडात घातलं आणि ताईकडे न बघता म्हणाला, "सुई खराब आहे."

"सुई बरी आहे. शिवणारा कच्चा आहे."

ताईचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. जिन्यावरून घसरून तिचं मनगट मुरगळलं आणि लेकीच्या होणाऱ्या बाळाची गोधडी निम्म्यात अडकली. तेव्हा धाकट्या भावाने फुशारकी मारली होती, "त्यात काय एवढं? आण इकडे."

तीस वर्षं तापल्या लोखंडाशी झटापट केलेला माणूस. ठिणग्यांना त्याने कधी भीक घातली नाही. पण गोधडीखालून सुईचं टोक चाचपणाऱ्या बोटाची चार दिवसांत चाळणी झाली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ताईचं अंगुस्तान त्याच्या करंगळीलाही होईना. चिकटपट्टी गुंडाळली, तर सुई तिच्यातच रुतली. कामावरचे जाड हातमोजे घालून बसला, तेव्हा एक मोजा गोधडीला पक्का शिवला गेला. ताईला हसून हसून ठसका लागला.

मग मात्र तो इरेला पेटला. पितळी नळीचा तुकडा कापून त्याने स्वतःच्या मापाचं अंगुस्तान घडवलं, सुई घसरू नये म्हणून त्यावर बारीक खळगे पाडले. खालच्या बोटासाठी त्याच मोज्याच्या चामड्याचं टोपडं केलं.

"कुठल्या मशीनचा पार्ट हा?" कामावरच्या लेथवाल्याने विचारलं.

"आहे एक. नाजूक काम आहे."

टाके सरळ पडू लागले. एरवी वर्षातून एकदा येऊन दारातूनच परत फिरणारा भाऊ आता रोज संध्याकाळी यायचा. ताई चुका काढायची, तो कुरकुरायचा, आणि चहाचे दोन कप कधी संपले ते कळायचं नाही. बाळ यायला अजून तीन आठवडे होते; गोधडीची मात्र एकच ओळ उरली.

त्या दिवशी तो जरा लवकर आला. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात ताई पाठमोरी उभी राहून उजव्या हाताने बरणीचं घट्ट बसलेलं झाकण पिळत होती. झोळी खुर्चीच्या पाठीला लटकत होती. फट्‌कन झाकण निघालं.

तो पावलं न वाजवता जिन्यापर्यंत मागे गेला. दणदणीत खोकला. बूट काढायला त्याने भरपूर वेळ लावला.

आत आला तेव्हा ताई जागेवर बसली होती. घाईत तिने झोळीत डावा हात घातला होता.

"दुखतंय का गं अजून?"

"थोडं थोडं."

त्याने बोटात अंगुस्तान चढवलं, गोधडी मांडीवर ओढली आणि बराच वेळ नुसती निरखत राहिला.

"ताई, कालची ओळ जरा वाकडी वाटते. उसवू का?"

ताईने ओळीकडे पाहिलं. पट्टी ठेवून आखावी तशी ती सरळ होती.

"उसव," ती म्हणाली. "आणि तिच्या वरचीही."