शेवटची चार आवर्तनं

"अण्णा, तुमी नका वाजवू. नुसतं त्येंचं ऐकायचंय मला," हेमावती म्हणाली, आणि सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर टेकलेली बिरुदेवची बोटं तिथंच राहिली.

शुक्रवार पेठेतल्या त्या माडीवर सकाळचे अकरा वाजले होते. लेकीची, ऋतुजाची हळद परवावर आली होती. हळदीला बाबांचं वाजवलेलंच लावायचं असा पोरीचा हट्ट. चारचौघांत रडू फुटायला नको म्हणून हेमावतीला ते आधी एकटीनं ऐकून घ्यायचं होतं. मुलगी आत्याबरोबर बाजारात गेली तेवढ्यात तिनं बिरुदेवला बोलावून घेतलं. नुसता डावा हात काय ऐकायचा, मोकळामोकळा लागेल, वर माझी सुरावट नको का, असं बिरुदेवनं घोळवून पाहिलं. तुमची सुरावट नऊ वर्षं ऐकतेच आहे की, असं म्हणून तिनं तो विषयच मिटवला.

बिरुदेव काही नावाजलेला कलाकार नव्हे. मोटरसायकलवर मशीन आडवं बांधून होटगीहून यायचं, हळदी-बारशाच्या सुपाऱ्या वाजवायच्या आणि मांडव उतरायच्या आधी घरी जायचं, हे त्याचं आयुष्य. जेवणाच्या पंगतीत त्याला कुणी आग्रह केल्याचं ऐकिवात नाही. हेमावतीचा नवरा सोमलिंग होता तोवर याचं त्याला काही वाटत नसे, कारण सोमलिंग दोघांच्या वाटचं हसायचा. हा धनगराचा, तो अक्कलकोटचा लिंगायत, आणि दोघांत मिळून एक सिंथेसायझर.

मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक सोमलिंगनं डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं आणि एक दिवस जाहीर केलं की याला स्मरणशक्ती आहे. लाल बटण दाबायचं, मशीन चार ठोके मोजतं, आणि त्यानंतर आपण जे वाजवू ते जसंच्या तसं आत उतरतं. कुठली पट्टी, कधी दाबली, केवढ्या जोरानं दाबली, सगळं. मग आपण बाजूला झालो तरी मशीन आपलाच हात परत वाजवून दाखवतं. सोमलिंग घरी बसून डाव्या हाताची साथ भरून ठेवायचा. कार्यक्रमात तो ढोलकी घ्यायचा आणि त्या साथीवर बिरुदेव उजव्या हाताची सुरावट वाजवायचा. चुकलेलं मागाहून सरळ करायची सोय मशीनमध्ये होती, पण सोमलिंगला ते लबाडीचं वाटे. मोजणी सुरू झाली की घर पेटलं तरी हात उचलायचा नाही, हा त्याचा नियम. त्या नियमापायी बिरुदेवनं त्याला पुष्कळ शिव्या दिल्या आणि तो नियम मनापासून पाळलाही.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी सोमलिंग याच खोलीत स्वतः बांधलेली हळदीची धून भरत होता. सोळा आवर्तनांची. हेमावती मुलीला घेऊन माहेरी गेलेली. बिरुदेव मागं खाटेवर बसून आवर्तनं मोजत होता. बारावं संपता संपता सोमलिंग मान न वळवता म्हणाला, "बिरू, हात लई जड पडलाय रे."

"चारच राहिल्यात की. वढून ने," बिरुदेव म्हणाला.

सोमलिंगनं ओढून नेलं. सोळावं पुरं केलं, स्वतःच्या हातानं बटण बंद केलं आणि बाजूला कलंडला. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. थोडं म्हणजे किती, हे विचारायचा धीर बिरुदेवला झाला नाही. चार आवर्तनं म्हणजे जेमतेम पाऊण मिनिट, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या पाऊण मिनिटानं त्याची नऊ वर्षं खाल्ली. हेमावतीला त्यानं एवढंच सांगितलं की वाजवून झाल्यावर एकदम पडला.

मशीनला मात्र खोटं बोलता येत नव्हतं. बारा आवर्तनं साथ ठणठणीत वाजे. तेराव्यापासून सूर हलके पडत जात, पंधराव्यात एक सूर चाचपडत उशिरा येई, आणि सोळावं जवळजवळ ऐकूच येत नसे. लोक ती धून मागून घेत, आणि दर हळदीला तेरावं आलं की बिरुदेव उजवा हात दणकून चालवून सगळं झाकून टाकी. एकदा साउंडवाला अभिमन्यू म्हणाला, काका, एका मिनटात सारखं करून देतो. बिरुदेव त्याच्या अंगावर असा धावून गेला की नंतर त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं. पुसावं तर सोमलिंग जातो, ठेवावं तर आपण केलेलं राहतं, अशी कोंडी होती. घरी एकटा असला की तो ती धून लावून बसे. बारावं संपताना समोर सोमलिंगची पाठ दिसे, आणि बिरुदेव मोठ्यानं म्हणे, "उचल हात. ऱ्हाऊ दे." पण पाठ वळायची नाही आणि वाजवणं थांबायचं नाही. कुणाशी बोलताय, हे विचारायचं त्याच्या बायकोनं कधीच सोडून दिलं होतं.

आता हेमावती समोर बसली होती. त्यानं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

चार ठोके पडले आणि साथ सुरू झाली. हेमावती आधी हसली. हे त्यांचंच, असं दाबून वाजवायची सवयच होती, असं काहीतरी पुटपुटली. तेराव्याला तिची मान वर झाली. पंधराव्यातला तो सूर आला तेव्हा ती पुढं सरकून मशीनकडं पाहत होती. धून संपली.

"मशीन बिगडलंय का, अण्णा?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. बिरुदेवच्या तोंडापर्यंत ते आलंही.

"न्हाई वैनी. मशीन बरोबर हाय," तो म्हणाला, आणि मग त्यानं सगळं सांगितलं. सोमलिंग काय म्हणाला ते, आणि आपण काय म्हणालो ते.

हेमावती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दर साली राखी बांदून घेतली तुमी माज्याकडनं."

मशीन इथंच ठेवा, ती म्हणाली. संध्याकाळी त्याची एक सुपारी होती, तरी त्यानं मशीन तिथंच राहू दिलं. सुरू करायचं बटण कुठलं, बंद करायचं कुठलं, ते त्यानं तिला दाखवलं. लाल बटण चालू करून पट्ट्यांना हात लावला तर हे पुसून जाईल, तेही सांगितलं. तिनं मान हलवली. परवा यायचं की नाही, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

रिकामी बॅग खांद्याला लावून तो जिना उतरू लागला. अर्ध्यात ऋतुजा भेटली. आत्या खाली दुकानात थांबली होती. पोरीनं दोन्ही हात भरून हिरवा चुडा घातला होता आणि तो काकांना दाखवायला तिनं मनगटं पुढं केली. तेवढ्यात वर धून सुरू झाली.

"काका, वर कोण वाजवतंय?"

"तुजे बाबा," बिरुदेव म्हणाला.

तिनं मनगटं खाली घेतली. दोघं जिन्यात तसेच उभे राहिले. बारा आवर्तनं झाली. सूर हलके होऊ लागले तसे ऋतुजानं बांगड्या वाजू नयेत म्हणून दोन्ही हात छातीशी घट्ट धरले, आणि शेवटचा सूर येईपर्यंत श्वासही हळू घेतला.